कालवडींचा अध्याय

अगानेटा वहिनीनं अब्राम ड्यूकला सगळ्या मंडळीसमोर क्षमा केली, तेव्हा तिचा हात त्याच्या हातात होता आणि नजर त्याच्या गळ्यावर. मी शेजारीच उभी होते, मला दिसलं.

जुलैत कुंपणापलीकडच्या शेतात मोहरीसारखा कनोला पिवळाजर्द फुलला असताना ह्या अब्रामनं भर दुपारी औषध फवारलं. वहिनीनं आदल्याच दिवशी कुंपणापाशी जाऊन विनवलं होतं, की संध्याकाळी फवार, मधमाश्या घरी परतल्यावर. तो हो म्हणाला होता. माझ्या भावानं, इस्ब्रांडनं, हयातभर जपलेल्या चाळीस पेट्यांसमोर मेलेल्या मधमाश्यांचे ढीग पडले. वहिनी ते ओंजळीनं उचलत राहिली. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी तो दुसऱ्यांदा गेला.

आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती. आमच्यात कोणी कोर्टाची पायरी चढत नाही, कोणावर हात उगारत नाही. चर्चच्या मंडळीतले वडीलधारे दोघांना समोरासमोर उभं करतात, हातात हात देतात, की मिटलं. अब्राम म्हणाला, वारा फिरला, म्हणून फवारा पेट्यांकडे गेला.

वहिनीच्या घरात लग्नापासूनचा एक नेम. सकाळी कॉफीआधी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, एक अध्याय, ओळीनं, एकही न गाळता. आणि त्यात जे करायला सांगितलं असेल ते रात्रीच्या जेवणाआधी करायचं. इस्ब्रांड असताना एकदा पाहुणचाराचा अध्याय आला, तर ह्या दोघांनी रस्त्यावरून चाललेल्या ट्रकवाल्याला हात करून थांबवलं आणि बळंच बोर्श्टचं गरम सूप पाजलं.

त्या जुलैत मात्र निर्गमाच्या पुस्तकातल्या बाविसाव्या अध्यायात तिनं खुणेची फीत ठेवली आणि थेट स्तोत्रांतलं शापाचं पान उघडलं. शाप देणं आम्हांला मना आहे, वाचणं नाही. मग रोज तेच पान. नेमाप्रमाणे जेवणाआधी करायचंही तेच. म्हणून संध्याकाळी ती कुंपणापाशी उभी राहायची आणि अब्रामच्या घराकडे तोंड करून, गाय दोहताना गुणगुणावं तशी, स्वतःच जुळवलेलं म्हणायची:

गव्हास त्याच्या काजळी लागो, विहिरीत साचो गाळ,
दारी पाऊल न वाजो कुणाचे, सांज असो वा सकाळ.

ऑक्टोबरात अब्रामच्या अकरा कालवडी हरवल्या. चार दिवस तो नदीकाठ पालथा घालत होता. पाचव्या दिवशी मी ताजे पाव घेऊन वहिनीकडे गेले, तर मागच्या पॉपलरच्या राईतून हंबरणं ऐकू आलं.

"वहिनी, तिकडे कोण हंबरतंय?"

"माझं उत्तर आलंय," ती म्हणाली. "आपल्या पायांनी आल्या. मी फक्त फाटक लावलं."

अब्राम रस्त्यावरून हाका मारत जायचा तेव्हा ती खिडकीत बसून कॉफी प्यायची, हेही तिनंच सांगितलं, अगदी चवीनं. त्या रात्री बर्फ येणार होतं. राईत ना चारा, ना आडोसा. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, माझ्या माश्यांना कुठला आडोसा होता?

मी टेबलावरचं शास्त्र तिच्यापुढे सरकवलं. म्हटलं, भावाचा नेम मोडून किती दिवस एकच पान चाटणार आहेस? ती उसळली. पुढे काय आहे ते ठाऊक आहे म्हणूनच उघडत नाही, म्हणाली. ठाऊक मलाही होतं.

"मग शापच वाच," मी म्हटलं. "पण इस्ब्रांडचा नेम पाळतेस असं ह्यापुढे कोणाला सांगू नकोस."

तिनं फीत ओढली आणि भांडणाला उठल्यासारखी मोठ्यानं तेविसावा वाचू लागली. वैऱ्याचा बैल भटकताना दिसला तर तो त्याच्याकडे नेऊन पोचव, असं तिथे आहे. तिथे आवाज फाटला, पण ती शेवटपर्यंत वाचत गेली. घड्याळात तीन वाजले होते.

"जेवण सहाला," ती म्हणाली आणि भावाचे गमबूट पायांत चढवले.

आम्ही दोघींनी अकराच्या अकरा हाकत नेल्या. अब्राम बोडक्या डोक्यानं धावत आला. एकेकीच्या पाठीवरून हात फिरवताना त्याला रडू फुटलं.

"वारा फिरला नव्हता, अगानेटा," तो म्हणाला. "घाई होती मला."

"ठाऊक आहे."

"आणि तरी तू मला क्षमा केलीस."

"नाही केली. आजच्या अध्यायात गुरं पोचवायला सांगितलंय, तेवढं केलं. क्षमेचं मत्तयाच्या पुस्तकात आहे, सहाव्यात. रोज एक धरला तर दोन वर्षं चार महिने लागतील. मी मोजलंय. तोवर वाट बघ."

ती वळली. तिची पाठ इतकी ताठ मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

परतताना बर्फ भुरभुरू लागलं. मी मनातल्या मनात अध्याय मोजत होते. अखेर राहवलं नाही.

"वहिनी, दोन वर्षं कुठली? मधे लेवीयाचं पुस्तक आहे. सूड घेऊ नको, शेजाऱ्याविषयी मनात अढी धरू नको, असं तिथल्या एकोणिसाव्यात आहे."

"ठाऊक आहे. छत्तीस दिवस." ती चालत राहिली. "तेवढे माझे आहेत, टीना. त्यातला एकही मागू नकोस."