सुतकातलं कुंकू

मारायच्या आधी मिथुन हातातलं घड्याळ काढून टीव्हीवर ठेवायचा. पट्ट्याचा तो बारीक खटका ऐकला की किशोरी आधी आठ वर्षांच्या प्रांजलला आतल्या खोलीत ढकलायची, ‘कडी लाव’ म्हणायची आणि मग स्वतः भिंतीला पाठ टेकून उभी राहायची. भिंत जवळ असली की डोकं लांबून जाऊन आपटत नाही, एवढं ती लग्नानंतरच्या वर्षांत शिकली होती. तेवढ्यात सासू, कृष्णाबाई, टीव्हीचा आवाज वाढवायची. खांदा कॉलनीतल्या त्या इमारतीच्या भिंती पातळ होत्या.

“हलू रड गो,” ती म्हणायची. “लोकांना आयकू जातंय.”

एकदा किशोरी चौकीवर गेली होती. हवालदाराने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मिथुनलाच फोन करून बोलावून घेतलं. “घरातलं घरात मिटवा,” म्हणाला. घरी आल्यावर मिथुनने तिच्या डाव्या हाताची करंगळी मागे वाकवून मोडली. ती अजून सरळ होत नव्हती. किशोरीने पुन्हा चौकीचं नाव काढलं नाही. मारतो तो मला मारतो, पोरीला हात लावत नाही, या एका गोष्टीवर तिने सगळं तोलून धरलं होतं.

कासव घरात आलं ते मागच्या दिवाळीत. विमानतळ येणार, येणार म्हणून मिथुनने खडी वाहायला दोन डंपर घेतले होते. विमानतळ बातम्यांतच राहिला आणि डंपरच्या चाकांभोवती गवत उगवलं. कुणा वास्तुवाल्याने सांगितलं, पाठीवर चांदण्या असलेलं जिवंत कासव घराच्या उत्तरेला ठेवा, धंदा धावायला लागेल. मिथुनने ते कुठून तरी पिशवीत घालून आणलं, मागच्या गॅलरीत त्याला बसायला टब ठेवला आणि त्याला लक्ष्मी म्हणायला लागला. प्रांजलने त्याच दिवशी त्याचं नाव बटाटा ठेवलं.

कृष्णाबाईला वास्तूबिस्तू कळत नव्हतं. तिने कासव पाहिलेलं गावच्या महादेवासमोर, दगडाचं, गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेलं. देवाच्या आधी त्याला हात लावायचा, हे तिला ठाऊक. म्हणून रोज सकाळी देवपूजा झाली की ती मागच्या गॅलरीत जायची, कासवाच्या पाठीवर हळद-कुंकू वाहायची, वर दोन थेंब पाणी. कासव टबाबाहेर फरशीवर फिरायचं, ते पाणी ओघळायचं. गॅलरीतल्या पांढऱ्या फरशीवर लालसर डाग पडायचे, किशोरी ते पुसायची. कधी सकाळचे, कधी दुपारचे. कुंकवाचे डाग म्हणून कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मग गावाकडे मिथुनचे चुलते, दादू, वारले. सुतक आलं. देवाला हात लावणं बंद, दिवा बंद, आणि कासवाचं हळद-कुंकूही बंद. किशोरीने ब्रश घेऊन कासवाची पाठ स्वच्छ घासून काढली. चांदण्या पहिल्यांदा नीट पिवळ्या दिसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोळी-भाजी केंद्रातलं काम आटपून आली, तर फरशीवर तळहाताएवढा लाल डाग.

“आई, तुम्ही कासवाला कुंकू लावलंत?”

“सुतकात?” कृष्णाबाईने तोंडावर हात ठेवला. “यडी झालीस काय? जुना उतरत असंल.”

“जुनं मी घासून काढलंय.”

“मंग आंगातला असंल. जनावर हाय ता.”

किशोरी खाली बसली. डागाच्या मधोमध नेहमीचा पांढरा, दह्यासारखा चोथा होता. तो तिने रोज पाहिलेला होता. पण आज तो गुलाबी झाला होता. तिने बोटाने डाग उचलला, वास घेतला. कुंकवाला असा वास नसतो. हा वास तिने कितीतरी वेळा स्वतःच्या ओढणीतून धुवून काढला होता.

तिने कासव उचलून उलटं केलं. पोटाच्या कवचावर एका कडेपासून आतवर केसाएवढी भेग गेली होती.

“प्रांजल, इकडे ये. बटाटा पडला का कुठून?”

प्रांजल दारात उभी राहिली. आत येईना.

“बाळा, मी रागावत नाहीये. पडला का?”

“पडला नाही.” प्रांजलने आजीकडे पाहिलं. आजी उठून स्वयंपाकघरात निघून गेली. “पप्पा दुपारी येतात ना, तू कामावर असतेस तेव्हा. ते त्याला लाथ मारतात. भिंतीवर. म्हणतात, तुला आणला तवापासून एक खेप नाय मिलाली.”

“कधीपासून?”

“खूप दिवस. मला म्हणाले, आईला बोललीस तर बटाट्याच्या जागी तू.”

किशोरीने कासव सरळ करून मांडीवर घेतलं. ज्या एका गोष्टीवर तिने सगळं तोललं होतं, ती गोष्ट कधीच सरकली होती. तिला फक्त दिसली नव्हती.

तिने भाजीची कापडी पिशवी घेतली, तळाला जुना टॉवेल अंथरला, त्यात कासव ठेवलं, वर मेथीची जुडी टाकली. प्रांजलचा हात धरला आणि रिक्षा करून जुन्या पनवेलच्या बाजारामागे डॉक्टर सुमतींच्या दवाखान्यात गेली. तिथे कुत्री-मांजरं आणतात, एवढंच तिला माहीत होतं.

डॉक्टर सुमती पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आधी कासवाकडे पाहिलं, मग किशोरीच्या मानेवरच्या निळ्या वळाकडे, आणि मग प्रांजलशी बोलायला लागल्या.

“काय खातो हा?”

“काकडी, पालक. कधी कधी गाजर.”

“बीट? जास्वंदीची फुलं?”

“नाही. आजी फूल वाहते कधी कधी, पण आता सुतक आहे.”

“मग बरं झालं सांगितलंस. ऐक, लाल दिसलं म्हणून लगेच घाबरायचं नसतं. लाल फूल खाल्लं, बीट खाल्लं, तरी कासवाची लघवी लाल होते आणि एक-दोन दिवसांत पुन्हा नीट होते. तो पांढरा चोथा असतो ना, तोही चांगलाच. तो वाळूसारखा खरखरीत झाला की समजायचं, याला पाणी कमी पडतंय, आत खडा होतोय. हिरवट झाली तर पोट रिकामं आहे, नाहीतर यकृत बिघडलंय.” बोलता बोलता त्यांनी कासवाला कोमट पाण्याच्या तसराळ्यात ठेवलं होतं. थोड्या वेळाने त्याच्या शेपटीखालून तांबूस धार आली. डॉक्टरांनी तीत कागदाची पट्टी बुडवली आणि तिचा बदललेला रंग पाहिला. “आणि लाल काहीच खाल्लं नसताना लाल झाली, तर ते रक्त. आत मार लागलाय याला.”

त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं. “हे कसं झालं?”

“पडलं,” किशोरी म्हणाली. “कट्ट्यावरून.”

ते इतकं सहज तोंडून आलं की तिची तीच दचकली. हेच उत्तर तिने गालासाठी दिलं होतं, करंगळीसाठी दिलं होतं. तेव्हा कट्ट्याच्या जागी जिना असायचा.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. कासवाला इंजेक्शन दिलं, औषधाचं पाकीट हातात ठेवलं. “एक सांगते. हे चांदण्यांचं कासव घरी ठेवणं गुन्हा आहे. ज्याच्याकडे सापडेल त्याला वनखातं धरून नेतं. मला कळवावंच लागेल.”

“धरून नेतं? कासवासाठी?”

“हो. ठेवून जा त्याला इथेच.”

“नको. टब रिकामा दिसला तर…” किशोरीने कासव उचलून पुन्हा पिशवीत ठेवलं. “मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या, बाई.”

“संध्याकाळी मी फोन करणार,” डॉक्टर म्हणाल्या.

घरी पोचेपर्यंत उशीर झाला होता. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत मिथुन रिकाम्या टबापाशी उभा होता.

“लक्षुमी कुठं हाय?”

किशोरीने पिशवी पाठीमागे घेतली. त्याने दोन ढांगांत येऊन ती हिसकावली. मेथी जमिनीवर विखुरली, औषधाचं पाकीट पायाशी पडलं. त्याने ते उचललं, त्यावरचं दवाखान्याचं नाव वाचलं.

“डाक्टरला दाखवलास? कुणाला इचारून? काय सांगितलास तिथं माझ्याबद्दल?” आणि त्याने तिच्या तोंडावर उलट्या हाताने मारलं. ती फ्रिजवर आदळली. ओठ दातात फाटला. बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढला.

मिथुनने कासव एका हाताने डोक्याच्या वर उचललं. “धंदा नाय, पानी नाय, आनि याला दवा! थांब, आता एकदाच काय ता करून टाकतू.”

प्रांजल धावली आणि त्याच्या कोपराला लोंबकळली. “पप्पा, नको! त्याच्या पोटात रक्त आहे, पप्पा!”

त्याने हात झटकला. पोर ओट्याच्या कडेवर गेली. कपाळ फुटून रक्त भुवईवर आलं. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. मिथुनने कासव खाली टाकलं. मग त्याने मनगटावरचं घड्याळ काढायला घेतलं. पट्ट्याचा खटका वाजला. पण त्याची नजर किशोरीवर नव्हती, पोरीवर होती.

किशोरी या वेळी भिंतीकडे गेली नाही. ओट्याखाली पाट्यावर वरवंटा होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि मिथुनच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तो ओरडला, डाव्या हाताने त्याने तिचे केस धरले आणि तिचं डोकं ओट्याला घासत खाली नेलं. तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला. हातातला दगड मात्र सुटला नव्हता. तिने तो खालून, जसा बसेल तसा, त्याच्या गुडघ्यावर मारला. मग पुन्हा मारला. केस सुटले. मिथुन मेथीच्या पानांवर कोसळला.

दारात कृष्णाबाई रिमोट घेऊन उभी होती.

“मारलास गो त्याला! माझ्या पोराला मारलास!”

“बाजूला व्हा, आई,” किशोरी म्हणाली. वरवंटा अजून तिच्या हातात होता. कृष्णाबाई बाजूला झाली.

प्रांजलने कासव फ्रॉकच्या ओच्यात घेतलं. दोघी अनवाणी जिना उतरल्या. रिक्षावाला रक्त बघून म्हणाला, “सरकारी दवाखान्यात घेऊ, ताई?” किशोरीने बाजारामागचा पत्ता सांगितला.

“बाई, फोन करा,” दवाखान्यात शिरताच ती म्हणाली. “आत्ता करा. पडलं नव्हतं ते.”

डॉक्टर सुमतींनी एका हाताने फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने प्रांजलच्या कपाळावर कापूस दाबून धरला.

वनखात्याची जीप यायच्या आधी मिथुन आला. पाकिटावरचं नाव त्याने वाचलंच होतं. मोडका हात छातीशी धरून, लंगडत तो रिक्षातून उतरला आणि बाहेरची कुंडी डाव्या हाताने उचलून त्याने काचेच्या दारावर फेकली. काचा आत उडाल्या. बाकावरच्या माणसाचा कुत्रा भुंकत सुटला.

“भायेर ये! हात मोडतेस माझा? तुला आनि तुझ्या पोरीला खाडीत नाय टाकला तर बघ!”

किशोरी प्रांजलवर ओणवी झाली. काचेचा तुकडा तिच्या खांद्यात शिरला. डॉक्टरांनी टेबल आडवं सरकवलं. कुत्र्याच्या मालकाने मिथुनला मागून मिठी मारली, पण मिथुनने डोकं मागे झटकून त्याचं नाक फोडलं. तेवढ्यात जीप थांबली. खाकीतले दोघे उतरले. त्यांनी मिथुनला भिंतीशी दाबून धरलं. त्यातला वयस्क महादेव नावाचा वनरक्षक होता. तो फुटक्या काचांवरून जपून आत आला. तसराळ्यातल्या कासवाकडे, तांबड्या पाण्याकडे त्याने पाहिलं.

“कासव कोणाचं?” त्याने विचारलं.

किशोरीने मान वर केली, पण तिला बोलावं लागलंच नाही.

“माझा हाय!” मिथुन बाहेरून गरजला. “मी आनलाय त्याला! पालीन नायतर मारीन, तुमी कोन इचारनार?”

“नाव सांगा,” महादेव म्हणाला.

मिथुनने बापाच्या नावासकट, गावासकट, ओरडून सांगितलं. महादेवने ते सावकाश लिहून घेतलं. मग म्हणाला, “चला. हा गुन्हा आहे, तुम्ही कबूल केलात.”

मिथुनचा चेहरा उतरला. “कसला गुन्हा? बायकोनं हात मोडला माझा, तिला धरा! नाय, ता कासव तिचा हाय. तिनंच आनला!”

महादेवने किशोरीकडे पाहिलं. तिच्या खांद्यातून रक्त वाहत होतं. पण उत्तर प्रांजलने दिलं. आईच्या मागे उभी राहून, कपाळावरचा कापूस स्वतःच्या हाताने दाबून धरत.

“पप्पांनी आणला. पप्पांनीच त्याला भिंतीवर मारलं. मी बघितलं.”

मिथुनला जीपमध्ये चढवलं तेव्हा तो शिव्या देत होता. जीपच्या दारावर त्याने डोकं आपटून घेतलं, मग रडायला लागला. बाजारातले लोक जमले. कुणी म्हणालं, बायकोला मारलं वाटतं. दुसरा म्हणाला, छे, कासवाला.

डॉक्टरांनी किशोरीच्या खांद्याला टाके घातले. कासवाला कोरड्या टॉवेलवर ठेवलं. ते वाचेल का, असं प्रांजलने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, “उद्या त्याच्या लघवीचा रंग बघू. मग परवा. रंग फिका होत गेला तर वाचेल. मी तुला खोटं सांगणार नाही.”

किशोरीने महादेवला गाठलं. “किती दिवस ठेवाल त्यांना?”

“ते कोर्ट ठरवेल, ताई. चार-आठ दिवस तर कुठे गेले नाहीत. मग जामीन मिळेल. तुम्ही पोलिसांतही तक्रार द्या. इथे साक्षीदार आहेत, डॉक्टर आहेत. आता नाही म्हणणार नाहीत.”

“देते. उरणहून देते.”

तिथे तिचा भाऊ भावेश होता, आणि त्याच्या दारात मिथुनने आजवर पाय ठेवायची हिंमत केली नव्हती. किशोरीने डॉक्टरांकडे दोघींसाठी चपला मागितल्या, प्रांजलचा हात धरला आणि एसटी स्टँडकडे चालू लागली. चार-आठ दिवस, ती मनाशी म्हणाली. पोरीचा शाळेचा दाखला, तिचे कपडे, उरणची शाळा. तेवढ्यात होईल.