तारेने आवळलेली रिंग

मी लाइफ रिंग बोलतेय. पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे, त्याच्या भिंतीवर मी टांगलेली असते. बुडणाऱ्याकडे फेकायची वस्तू, एवढंच माझं काम.

पण पोरांनी मला पार्किंगमध्ये चाकासारखं गडगडवलं. सेक्रेटरी शेखरकाका वैतागले. पक्कड आणून त्यांनी मला बांधकामाच्या तारेने आकड्याला करकचून आवळलं. "आता नेऊन दाखवा म्हणावं!" मला तेव्हाच धडकी भरली होती.

तपासणीला एक साहेब यायचे. नियमांचा फलक बघायचे, दार आपोआप लागतं का बघायचे.

"रिंग?"

"ती काय, समोर!"

लांबूनच माझा फोटो काढून साहेब चहाला बसायचे. मला खाली काढून बघावं, असं त्यांना कधीच वाटलं नाही. माणसांना वस्तू दिसली की पुरतं, ती चालते का हे कोण बघतो?

यंदा दसऱ्याला झाडलोट करणाऱ्या मैनाबाईंनी खराटा, बादल्यांबरोबर माझीही पूजा केली. मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तलावाच्या दारालाही तोरण बांधलं. दार लागलं की तोरण चेमटायचं, म्हणून काकांनी दाराला वीट लावली. "सणाचा दिवस आहे, राहू दे उघडं."

संध्याकाळी सगळे बागेत एकमेकांना सोनं देत होते. सोसायटीतल्याच हर्षालीची चार वर्षांची मुलगी सृष्टी एकटीच आत आली. पाण्यावर तरंगणारं फूल धरायला वाकली आणि आत गेली. फारसा आवाजही झाला नाही.

मैनाबाईंनी ते पाहिलं. त्यांना पोहता येत नव्हतं. त्या धावत आल्या आणि मला ओढू लागल्या. माळ तुटली, बोटं रक्ताळली, तार काही हलेना.

"सुटंना वो! कुणीतरी सोडवा हिला!"

काका धावले, तारेशी झटले, मग "पक्कड, पक्कड!" म्हणत ऑफिसकडे पळाले. सृष्टीचे वडील अमोल यांनी कपड्यांनिशी उडी मारली. त्यांनी तिला वर आणलं, पण तोवर उशीर झाला होता. मी भिंतीवर होते, अगदी समोर. मला रडता येत असतं तर मी रडले असते.

आता तार काढली आहे. तलाव कोरडा आहे, दाराला कुलूप आहे. तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी असेल, तर आजच तिला आकड्यावरून काढून बघा. हात जोडता येत नाहीत, म्हणून नुसतं सांगते.

हर्षाली किल्ली मागून घेते आणि रोज येते. मला एका हाताने उचलते, परत अडकवते, पुन्हा उचलते.

निघते गं बाई, आता मी आकड्यावरून लगेच निघते.