गोजराबाईचा माशाचा साचा

मी वड्या छापायचा एक जुना लाकडी साचा आहे. माझ्या एका बाजूला फूल कोरलेलं आहे आणि दुसऱ्या बाजूला मासा. मित्रांनो, मी बोलतो यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण एका दिवाळीत मी जे पाहिलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

मला शिरगावच्या नवशा सुताराने शिवणीच्या झाडाच्या लाकडातून घडवलं. गोजराबाई मला घ्यायला आली. ती साताऱ्याकडची. तिचा नवरा मारुती तारापूरच्या कारखान्यात रंगाच्या हौदावर कामाला होता, आणि दोघं कुंभवलीच्या चाळीत राहत होती. फुलाची बाजू तिला आवडली. मासा पाहून ती म्हणाली, "आमच्यात मासा शिजत नाही."

"मंग शिजवू नको, बाय," नवशा म्हणाला. "छापून खा."

ती हसली आणि मला घेऊन गेली.

पहिली काही वर्षं माझी फुलाचीच बाजू चालली. मग १९८२ साली मारुतीच्या पोटाचं ऑपरेशन झालं. अल्सर होता. जठराचा मोठा भाग काढून टाकावा लागला. डॉक्टरांनी बजावलं की थोडं थोडं खायचं आणि गोड अजिबात नाही. साखर त्याच्या पोटात थांबायची नाही, तशीच आतड्यात उतरायची. मग दरदरून घाम, छातीत धडधड आणि भोवळ.

त्या वर्षी खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. मुकादम भगवंत पेढे घेऊन आला. मारुती नको म्हणाला.

"मारुतीराव, प्रसादाला नाही म्हणता? एकाने काय होतंय?"

मारुतीने पेढा खाल्ला. अर्ध्या तासात तो हौदाच्या कठड्यावर वाकला. दोघांनी मागून धरला म्हणून वाचला. खाली उकळता रंग होता.

गोजराबाई त्याला ओरडली नाही. तिने नारळ खवला, दूध आटवलं, त्यात वेलची आणि जायफळ घातलं. साखर नसली की वडी धरत नाही. पहिल्या खेपेला सगळं माझ्या खाचांत चिकटून राहिलं. दुसऱ्या खेपेला तिने राजगिऱ्याचं पीठ भाजून घातलं आणि वडी सुटली. त्या दिवशी तिने नियम केला. साखरेचं ते फुलात, बिनसाखरेचं ते माशात. "मासा दिसला तरच तोंडात घालायचं," तिने मारुतीला सांगितलं. "मी दिलं तरी आधी बघायचं."

तिच्या अंगठ्यावर विळीने कापल्याची तिरपी खूण होती. ती अंगठ्याने सारण माझ्यात दाबायची, मग मला पाटाच्या कडेवर दोनदा आपटायची. टक, टक. वडी हातात पडायची. वडीच्या पाठीवर ती तिरपी रेघ असायची. दर सणाला डब्यात पाच मासे जायचे, आणि दहाच्या सुट्टीत हौदाच्या फलाटावर बसून मारुती ते खायचा. सणाच्या दिवशी आपल्यालाही गोड मिळालं, असं तो घरी येऊन सांगायचा. गोड त्यात काहीच नसायचं.

सात वर्षं असं चाललं. १९८९ च्या श्रावणात गोजराबाई काविळीने गेली.

मी फडताळात पडून राहिलो. मारुती एकटा जेवायचा. कधी कधी रविवारी भर दुपारी फडताळात आवाज व्हायचा. टक, टक. तो उठून दार उघडायचा. आत मी एकटाच असायचो. पाल असेल, असं म्हणून तो दार लावायचा. मित्रांनो, पाल नव्हती. आपटला मी जात होतो, आणि माझ्या खाचा ओल्या असायच्या.

दिवाळी आली. सुतकाच्या वर्षी घरात तळण करत नाहीत, शेजारी आणून देतात. शेजारची ठमी दारात आली.

"भाऊ, साचा द्या. तुमचं गोड या साली मी करतंय."

"वहिनी, बिनसाखरेचं लागतं मला."

"माहीत हाय. गोजराताय मला बोलली होती. माशाच्या बाजूनंच दाबीन."

त्याने मला दिलं. ठमीने मन लावून सारण केलं आणि माझ्यात दाबलं. मला लगेच कळलं. मला हात नाहीत, तोंड नाही. मी लाकूड आहे. पण त्या वेळी माझ्या माशावर आतून काहीतरी येऊन टेकलं. ते कोमट होतं, आणि मला ओळखीचं होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मारुतीने फलाटावर डबा उघडला. वड्या जरा तांबूस होत्या. राजगिरा जास्त भाजला असेल, असं त्याला वाटलं. त्याने एक उचलली आणि सवयीने मासा पाहिला.

मासा नव्हता. त्या जागी एक अंगठा उमटला होता. अंगठ्यावर तिरपी रेघ होती. पाचही वड्यांवर तेच.

त्याने डबा बंद केला. संध्याकाळी तो मला न्यायला ठमीकडे आला आणि डबा तिच्यापुढे ठेवला.

"हे कोणाचं बोट आहे, वहिनी?"

ठमीने एक वडी उचलून पाहिली. "मी मासाच दाबला, भाऊ. तो उठला नाय. माझं बोट बघा, कुठं हाय कापलेलं?"

"काय घातलं होतंत?"

"साखर नाय घातली. शपथ. गूळ घातला, मूठभर. गूळ चालतो ना?"

मारुती उंबऱ्यावर बसला. तो म्हणाला, "नाही चालत. गुळाचं तिने कोणाला सांगितलंच नाही, वहिनी. मीपण नाही सांगितलं." त्याने कणकेचा गोळा मागितला आणि माझ्यात दाबला. मासा स्वच्छ उठला, खवल्यांसकट.

पुढच्या रविवारी त्याने स्वतः नारळ खवला. ठमी शेजारी बसून शिकली. दाबून झाल्यावर त्याने मला पाटावर एकदा आपटलं आणि तो थांबला. हात खाली गेला नव्हता, तरी दुसरा टक झाला. ठमीने पदर तोंडावर धरला. मारुतीने वडी पाहिली. पुढे मासा होता, पाठीवर त्याचाच साधा अंगठा होता. त्याने ती खाल्ली.

मग त्याने खिळा घेऊन माझ्या दांड्यावर कोरलं: साखर नाही. गूळही नाही.

मित्रांनो, मला धुतलंत तर उन्हात नका ठेवू, मी तडकेन. सावलीत वाळवा. आणि तुमच्या घरात कोणाला काय चालत नाही, हे एकाच माणसाच्या ध्यानात राहू देऊ नका. आजच दुसऱ्याला सांगा. त्या दिवसानंतर फडताळात आवाज झालेला नाही. तिला आता यायची गरज नाही. मारुती मात्र अजून दर रविवारी दुपारी दार उघडून बघतो.