खणात गुंडाळलेला आवाज

मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवघरातली, एका हातात मावेल एवढी. माझ्या मुठीवर गरुड बसलेला आहे. हाताळून हाताळून त्याची चोच इतकी झिजली आहे की लहान मुलं त्याला पोपटच म्हणतात. मित्रांनो, घंटेचं काम काय, असं तुम्हाला विचारलं तर तुम्ही चटकन सांगाल, वाजायचं! पण मी माझ्या आयुष्यातली कितीतरी वर्षं न वाजता काढली. माझ्या जिभेला, म्हणजे माझ्या पोटातल्या लोलकाला, कापड गुंडाळलेलं होतं. ते कुणी रागानं गुंडाळलं नव्हतं. मायेनंच गुंडाळलं होतं.

माझा जन्म जालन्यात एका ओताऱ्याच्या घरी झाला. ओतारी म्हणजे पितळ वितळवून साच्यात ओतणारा कारागीर. साचा फोडून त्यानं मला बाहेर काढलं, कानशीनं घासलं, लोलक अडकवला आणि कानाशी धरून एकदा हलवलं. मी वाजले. नाद पुरता विरेपर्यंत तो ऐकत राहिला आणि मग बायकोला म्हणाला, "ही चांगल्या घरी जाईल बघ." त्या माणसाचं बोलणं खरं झालं. विमलच्या आईनं मला विकत घेतलं आणि लेकीच्या रुखवतात लाडवांच्या परातीशेजारी मांडलं. लग्न झालं आणि विमलबरोबर मीही बदनापूरला आले.

घर दोन खोल्यांचं होतं, रेल्वे स्टेशनापासून जवळ. बाहेरच्या खोलीत कोनाड्यात देवघर होतं. तिथून मला दार दिसायचं, दारातली तुळस दिसायची आणि आतल्या खोलीतली खाट अर्धी दिसायची.

विमल फार हळू बोलणारी. तिचे सोमवार, तिची चतुर्थी, तिची एकादशी, सगळं नेमानं चालायचं. पण त्याचा कुठे गवगवा नसायचा. तिचा नवरा मुकुंद जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या सळया तयार करणाऱ्या मिलमध्ये कामाला होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तो हाताला भाजल्याचा फोड घेऊन आला. विमलनं फोडाला तूप लावलं, देवासमोर बसली आणि मनाशी नेम धरला. मुकुंद कामावरून धडधाकट घरी आला की मगच पूजा करायची, घंटा वाजवायची आणि त्यानंतरच घास तोंडात घालायचा.

तेव्हा त्याची दिवसपाळी होती. दिवेलागणीला तो यायचा. विमल मला उचलायची आणि मी मोकळ्या गळ्यानं वाजायचे. माझ्या वाजण्याचा अर्थ एवढाच असायचा, देवा, आजचा दिवस तू सांभाळलास. शेजारच्या काकू ओट्यावर बसून म्हणायच्या, "वाजली विमलची घंटा. आला मुकुंदा घरी!"

पुढे स्वराचा जन्म झाला. त्याच सुमाराला मिल रात्रीच चालायला लागली, कारण रात्री वीज स्वस्त पडते. मुकुंदला कायमची रातपाळी लागली. संध्याकाळी तो निघायचा आणि उन्हं दारात आल्यावर परतायचा. चहाचा घोट घेतला न घेतला की आतल्या खाटेवर आडवा व्हायचा. विमलचा नेम तोच होता. तो आला की पूजा. ती मला वाजवायची आणि मुकुंद दचकून उठून बसायचा. मित्रांनो, रेल्वे धडधडत गेली तरी त्याची झोप मोडत नसे, पण घरातला आवाज झाला की मोडे.

एके दिवशी सकाळी त्याच्याबरोबर इब्राहीमभाईही घरात आले. ते त्याच मिलमध्ये कामाला होते. मुकुंद त्यांच्याच गाडीवर मागे बसून ये-जा करायचा. तो हातपाय धुवायला मागे गेल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, "भाभी, एक बात सांगतो, घाबरू नका. रात्री आपल्या मुकुंद मियाँला उभ्या उभ्या डुलकी लागल्ती. लाल सळई अशी बाजूनं गेली. मी कॉलर धरून खेचलं म्हणून बरं. ह्याची झोप बराबर झाली पाहिजे."

विमलचा चेहरा पांढरा पडला. तो झोपल्यावर तिनं ट्रंक उघडली. लग्नात ओटीत आलेला हिरवा खण काढला, त्याची पट्टी फाडली आणि माझ्या लोलकाला गुंडाळून दोऱ्यानं घट्ट बांधली. मग मला कपाळाला लावून पुटपुटली, "रागावू नको बाई. आता त्यांची झोप हीच माझी पूजा."

मी कशी रागावणार? रोज ती मला हलवायची, नेम एक दिवसही चुकला नाही. फक्त माझ्या पोटातून ठप, ठप एवढाच आवाज यायचा. देवाला तो ऐकू जात असणार, अशी माझी श्रद्धा होती.

माझ्यामागोमाग सगळं घरच हळू बोलायला लागलं. विमलनं कुकर वर ठेवून दिला, कारण त्याची शिट्टी. दाराची कडी उचलून लावायची, बादलीत पाणी कडेनं सोडायचं. इब्राहीमभाई गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद करून ती ढकलत आणायचे. स्वरा चालायला लागली तीच चवड्यांवर. ती बाहुल्यांची शाळा मांडायची आणि बाहुल्यांना कानात पाढे शिकवायची. हसू आलं की ओढणीत तोंड खुपसायची. तिची शाळा सुटायची तेव्हा बाबांची निघायची घाई सुरू असायची. सुट्टीच्या दिवशीही मुकुंद झोपलेलाच असायचा. आणि त्या भल्या माणसाला वाटायचं, आपलं घरच मुळी शांत आहे! गाडीवर बसताना इब्राहीमभाईंना अभिमानानं सांगायचा, "लोकांच्या घरी काय कालवा असतो! आपल्या घरी बघा, बिलकुल आवाज न्हाई. विमलचा पायगुण."

इब्राहीमभाई नुसते "हूं" म्हणायचे.

स्वरा चौथीत गेली. एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, तिच्या वर्गाच्या रूपाली मॅडम घरी आल्या. शिक्षकांचा आवाज तुम्हाला ठाऊकच आहे, सगळ्या वर्गाला पुरणारा. दारातूनच त्या म्हणाल्या, "स्वराच्या आई, आहात का घरात?"

स्वरा धावत गेली आणि तिनं चक्क मॅडमपुढे ओठांवर बोट धरलं. "मॅडम, हळू. बाबा झोपलेत."

मॅडम आत येऊन बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी त्याचसाठी आले. ही पोरगी हुशार आहे. पण वाचायला उभी केली की नुसते ओठ हलतात. मी म्हणते मोठ्यानं वाच, तर हिच्या डोळ्यांत पाणी येतं. वर्गातली मुलं हिला मुकी म्हणायला लागलीत. मला वाटलं, घसा दाखवायला सांगावं. पण आता वाटतं, घशाला काही झालेलं नाही."

विमलनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात आतली खाट करकरली. मुकुंद दारात उभा होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. डोळे लाल, केस विस्कटलेले. तो स्वराजवळ उकिडवा बसला.

"मला वाचून दाखव बेटा. मी जागाच हाये."

स्वरानं पुस्तक उघडलं. ओठ हलले. मी कोनाड्यातून कान देऊन ऐकत होते, पण मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"अजून मोठ्यानं."

"निघतच न्हाई बाबा," ती कुजबुजली.

मुकुंद उठला. काय करावं ते न सुचून त्यानं कोनाड्यातून मला उचललं. लेकीला हसवायला त्यानं मला तिच्या कानाशी हलवलं. ठप, ठप. त्यानं मला उलटं करून पाहिलं. खणाची पट्टी धुपाच्या धुरानं काळी झाली होती.

"हे काय गं? ही मुकी कधीपासून?"

"स्वरा रांगायची तव्हापासून," विमल म्हणाली. "तुमची झोप मोडायची म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग लेकीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. त्यानं मला पुन्हा हलवलं, आणि लोलकानं पुन्हा ठप, ठप केलं.

त्या संध्याकाळी इब्राहीमभाई आले तेव्हा मुकुंदनं दारातच त्यांना मॅडमचं बोलणं सांगितलं आणि म्हणाला, "भाई, दिवसपाळी मागतो मी."

"दिवसा मिल चालती कुठं? मागशील कुणाला, सूर्याला?"

"मंग सोडतो."

"सोड की. कव्हाची वाट बघून राह्यलो मी." इब्राहीमभाई गाडीवरून उतरले. "माझा पुतण्या शाहबाज स्टेशनाजवळ गेट-ग्रिल बनवतो. त्याला लोखंडाची जाण असलेला माणूस पाहिजे. सकाळी जायचं, दिवे लागायच्या टायमाला घरी."

"पगार कमी असंल. खर्चा कसा भागायचा?"

"ते भाभीला विचार. आणि हे बघ, तू न्हाई गेलास तरी भट्टी पेटती. पण तू घरी नसलास तर ही पोरगी पेटायची न्हाई."

त्या रात्री तो कामावर गेलाच. पुढेही बरेच दिवस जात राहिला. इतक्या वर्षांचं काम असं अंगावरून उतरत नाही. त्याला त्या मिलचा लळा होता, तिथे त्याचे मित्र होते, नाव होतं. विमलनं त्याला कशाचा आग्रह केला नाही. एकदाच म्हणाली, "पोट भरायला दोन भाकरी कमी पडल्या तर मी उपास वाढवीन. मला सवय हाये. पण अहो, तिचं बालपण काही उपाशी ठेवता येत न्हाई."

दिवाळीनंतर मुकुंदनं मिल सोडली. शेवटच्या सकाळी तो गळ्यात हार आणि हातात नारळ घेऊन घरी आला. म्हणाला, "फाटकाच्या पाया पडून आलो. त्या मिलनं आपलं घर उभं केलं, हे विसरायचं न्हाई."

"न्हाई विसरायचं," विमल म्हणाली आणि तो नारळ तिनं देवापुढे ठेवला.

मग तिनं मला मांडीवर घेतलं. गाठ सुटेना, दातानं सोडवावी लागली. माझा लोलक हिरवा पडला होता. मुकुंदनं स्वतः चिंच-मीठ लावून मला घासलं. पूजा झाली आणि विमलनं मला हलवायला घेतलं. पण तिचा हात उचलेचना! इतक्या वर्षांची सवय. टिण्... एवढंच काय ते निघालं. स्वरा चवड्यांवरच उभी होती. माझ्या काळजात चर्र झालं. वाटलं, माझा नाद गेला आणि या पोरीचाही गेला. मोकळं केलं तरी आता आम्ही दोघी वाजणार नाही.

सोमवारी मुकुंदचा नव्या कामावरचा पहिला दिवस होता. आणि मित्रांनो, ऐका गंमत. ज्याचं अंग वर्षानुवर्षं सकाळी झोपत आलं, ते एका दिवसात कसं बदलणार? उन्हं तुळशीवर आली तरी मुकुंद आपला गाढ झोपेत.

विमल खाटेपाशी उभी राहून कुजबुजत होती, "अहो... अहो..."

इब्राहीमभाई रातपाळीवरून परतताना चौकशीला आले, तेही सवयीनं गाडी ढकलत. दारातून हलकेच म्हणाले, "भाभी, गेला का मियाँ?"

"न्हाई ना, झोपलेत," विमल कुजबुजली.

"मंग उठवा की! जल्दी!" तेही कुजबुजले.

"उठवूनच राह्यले."

"मोठ्यानं उठवा की!"

"तुम्हीच उठवा की मोठ्यानं!"

एका झोपलेल्या माणसाला उठवायला दोन मोठी माणसं कुजबुजत भांडत होती. स्वरानं हे बघितलं आणि तिला हसू फुटलं. तिनं ओढणी तोंडाकडे नेली, पण आज ती अर्ध्यातच थांबली. ती कोनाड्याकडे आली. माझ्या गरुडाला तिनं मुठीत धरलं, आतल्या खोलीत गेली आणि हात डोक्यावर नेऊन मला गदागदा हलवलं.

मी वाजले! ओताऱ्याच्या घरी वाजले होते तशी. भांड्यांच्या फळीवरच्या ताटल्याही माझ्याबरोबर घुमल्या. आणि माझ्या आवाजावर आवाज चढवून स्वरा ओरडली, "बाबा, उठा! उशीर झाला! उठा!"

मुकुंद धडपडून उठून बसला. लेकीकडे बघितलं, आणि तिथेच बसून, दोन्ही हातांत तोंड झाकून, हसायला लागला की रडायला लागला ते मला कळलं नाही. "पुन्हा म्हण," तो म्हणाला. "अजून एकदा म्हण."

"उठा!" ती पुन्हा ओरडली.

विमलनं तो काळा पडलेला खण फेकला नाही. तो आजही देवघरात माझ्याखाली घडी करून ठेवला आहे. ती म्हणते, यानं माझ्या माणसाचा जीव राखला. मलाही त्याचा राग नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी घंटा असेल, तर तिला महिन्यातून एकदा चिंचेनं घासा आणि पोटातला लोलकही पुसा. घरात कुणी रातपाळी करून झोपलेलं असेल, तर तिला कापड खुशाल गुंडाळा. आम्ही घंटा ते सोसतो. फक्त ती गाठ सोडायचीही आहे, हे घरातल्या कुणीतरी लक्षात ठेवा.

त्या सोमवारी माझा नाद गल्लीत गेला तेव्हा काकू ओट्यावर बसलेल्या होत्या. आता त्यांना नीट दिसत नाही. त्यांनी मान वर केली आणि जुन्या सवयीनं हाक दिली, "वाजली विमलची घंटा. आला का गं मुकुंदा घरी?"

आणि माझी हळू बोलणारी विमल दारात येऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आला हो काकू. आला घरी!"