मखमली कोटातला कप्तान

भाऊ कप्तान झाला ही बातमी ताईला आईकडून कळली, आणि आईला ती खुद्द भावाने फोनवर दिली होती. तेवढ्यावरूनच ताईने ओळखलं की यात कुठेतरी पाणी मुरतंय. ज्याला लहानपणी बंदरातल्या साध्या होडीत बसवलं तरी पोटात ढवळायचं, जो पुढे हजार धंदे करून शेवटी फिरत्या नाटक कंपनीला चिकटला, तो म्हणे जहाज चालवणार. पण आईला खोलात शिरायचं कारण नव्हतं. तिने त्याच संध्याकाळी जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगून टाकलं.

घरात त्याला राजे म्हणत. शाळेच्या नाटकात त्याने एकदा राजाचं काम केलं आणि तेव्हापासून पाण्याचा पेलाही स्वतः उठून घेतला नाही, म्हणून ताईनेच ते नाव पाडलं होतं. तिने पाडलं टोमणा म्हणून, त्याने घेतलं पदवी म्हणून.

ताईचं शिवणकामाचं दुकान होतं, घराच्या खालीच. शाळांचे गणवेश, हॉटेलातल्या पोऱ्यांचे डगले, गोदीतल्या कामगारांचे अंगरखे, असं सगळं ती शिवायची. एके सकाळी ती काजं करत बसलेली असताना दारात एक मखमली कोट उभा राहिला. कोटाच्या वर राजेंचं तोंड होतं आणि तोंडावर चिकटवलेली दाढी.

"ताई, बगलेत उसवलाय. दुपारपर्यंत होईल का? नगराध्यक्ष येणार आहेत."

ताईने कोट उलटा केला आणि तिला हसू आवरेना. पडद्याची मखमल. सोनेरी पट्टी म्हणजे सोफ्याला लावतात ती झालर, आणि तीही शिवलेली नव्हती, गोंदाने डकवली होती. बटणं प्लास्टिकची. तिने विचारलं की कुठल्या बोटीवर असले कप्तान असतात. मग राजे स्टुलावर बसून खरं काय ते बोलला.

जहाज म्हणजे जुन्या काळच्या एका गलबताची नक्कल होती. तीन डोलकाठ्या, शिडं, तोफा, सगळं होतं. एक संस्था ते बंदराबंदरांतून फिरवून शाळकरी मुलांना समुद्राचा इतिहास शिकवायची. राजेंनी कप्तानाचा वेष करून मुलांना जहाज दाखवायचं आणि जोरजोरात गोष्टी सांगायच्या, एवढंच काम. जहाज चालवायला दुसरा माणूस होता.

"आणि आईला काय सांगितलंस?"

"कप्तानाचं काम मिळालं म्हणालो. ते खरंच आहे ना?"

ताईने दाताने दोरा तोडला आणि कोट त्याच्या अंगावर टाकला.

दुपारी ती आईला घेऊन धक्क्यावर गेली. कप्तानाच्या घरच्यांना म्हणून आमंत्रण होतं. जहाज लांबून देखणं दिसत होतं, हे ताईलाही कबूल करावं लागलं. जवळ गेल्यावर मात्र एकेक गंमत दिसायला लागली. तोफा फायबरच्या होत्या आणि एका तोफेच्या तोंडात कुणीतरी शीतपेयाचा रिकामा डबा कोंबला होता. शिडं फोटो काढायच्या वेळी उलगडायची आणि फोटो झाला की गुंडाळायची. एरवी सगळा कारभार पोटातल्या डिझेल इंजिनावर. खाली तळाच्या कोठारात, जिथे जुन्या काळी माणसं आणि माल एकमेकांवर रचत, तिथे आता आइस्क्रीमचा फ्रीज आणि स्वच्छतागृह होतं. स्वच्छतागृहाच्या दारावर कवटी रंगवली होती.

पण खरी करमणूक इतिहासाची होती. राजे मधल्या डोलकाठीला टेकून मुलींच्या एका वर्गाला सांगत होता की हेच ते जहाज, ज्याने वादळात सापडलेल्या याच गावाला धान्य आणून वाचवलं. मुली आ वासून ऐकत होत्या. नगराध्यक्षांची मान डोलत होती, जणू ते धान्य त्यांनीच पाठीवरून उतरवून घेतलं होतं. ताईने राजेंना बाजूला घेऊन विचारलं की हे कधी झालं.

"मागच्या बंदरात आम्ही लढाऊ जहाज होतो," तो दाढी सावरत म्हणाला. "त्या गावाला लढाई आवडते. इथल्या नगरपालिकेला काहीतरी भावनिक हवं होतं."

"आणि त्याच्या आधीच्या?"

"तिथे मसाले. ताई, तू फार खोलात जातेस."

एका चष्मेवाल्या मुलीने मात्र हात वर करून विचारलं, की शिडं ओढणारी माणसं झोपायची कुठे. राजेंच्या पाठांतरात ते नव्हतं. तो म्हणाला, शूर माणसं झोपत नसतात. नगराध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या मुलीने वहीत जे लिहायला घेतलं होतं ते तसंच सोडून दिलं.

मग जहाज फेरी मारायला निघालं. सुकाणूवर एक माणूस उभा होता, अर्ध्या चड्डीत, तेलकट बनियनवर, पायात रबरी चपला. फोटो काढणाऱ्याने त्याला दोनदा हाताने बाजूला व्हायला सांगितलं होतं. तो खरा कप्तान. त्याची ओळख कुणी करून दिली नाही आणि त्यानेही कुणाकडे पाहिलं नाही. आईने त्याच्या हातात रिकामी पाण्याची बाटली दिली, टाकून देशील का म्हणून. त्याने ती घेतली.

बंदराच्या तोंडाशी लाटा अडवायला दगडांचा लांब बांध आहे. तो ओलांडून जहाज थोडं पुढे गेलं आणि इंजिनाने घरघर केली, खोकलं आणि गप्प झालं. तुटलेलं एक मासेमारीचं जाळं पाण्याखालच्या पंख्यात गुरफटलं होतं. आधी कुणाला काही वाटलं नाही. राजे तर म्हणाला की जुन्या काळी इतकीच शांतता असायची. पण वारा समुद्रावरून जमिनीकडे होता, आणि सगळ्यांच्या लक्षात हळूहळू यायला लागलं की बांधाचे दगड मघाशी होते त्याहून मोठे दिसताहेत.

खरा कप्तान सुकाणू सोडून पुढच्या टोकाकडे धावला. नांगर तिथेच होता. पण तिथेच सगळी गर्दी होती, कारण फोटो तिथे छान येत. नांगराच्या साखळीवर नगराध्यक्षांचं अख्खं मंडळ उभं होतं, कडेला बायका, मध्ये मुली. त्याने सांगितलं, मागे व्हा, साखळीवरून उतरा. कुणी हललं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी ओरडून. नगराध्यक्षांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही कोण? कप्तानांना बोलवा. आम्ही कप्तानांशी बोलू."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते ताईने नीट पाहिलं. राग नव्हता तो, थकवा होता. अशी माणसं त्याने बंदराबंदरांत पाहिली होती, आणि आता त्यांच्यासकट दगडावर जायची पाळी आली होती. तो वळला आणि राजेंना शोधू लागला.

राजे डोलकाठीला मिठी मारून उभा होता. तोंड पांढरंफटक पडलेलं, दाढी एका बाजूने सुटलेली. खरा कप्तान त्याला म्हणाला, यांना मागे घे, तुझं ऐकतील. राजेंनी डोलकाठी आणखी घट्ट धरली. एवढ्यात नगराध्यक्षांना जीवरक्षक जाकिटांची पेटी दिसली, आणि त्यांनी वरचंच जे हाताला लागलं ते ओढून अंगात घालायला घेतलं. ते लहान मुलांचं होतं. ते त्यांच्या गळ्यातच अडकलं आणि एकदम आरडाओरडा सुरू झाला.

ताईला भीती वाटत नव्हती असं नाही. पण आयुष्यभर या भावाला पाहून तिच्या अंगात जो संताप साठला होता तो भीतीपेक्षा मोठा निघाला. तिने जाऊन त्याचा दंड धरला, त्याला खांबापासून सोडवला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "राजे, तुला काही येत नाही ते मला ठाऊक आहे. आवाज तेवढा येतो. तो काढ."

"माझे पाय लटपटताहेत गं."

"पाय कोटाखाली आहेत. दिसत नाहीत कुणाला. काढ आवाज."

आणि त्याने काढला. तो आवाज कुठून आला देव जाणे. तीन मजली थिएटरच्या मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला तो आवाज त्या डेकवरून असा गेला की ओरडणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. सगळे मागे, तो गरजला. पाठीला पाठ लावून खाली बसा, मुली मध्ये, मोठे कडेला. नगराध्यक्ष, तुम्ही सगळ्यांत कडेला, आणि ते जाकीट त्या मुलीला द्या. मधूनच त्याने कुठल्या तरी जुन्या नाटकातले दोन आरमारी हुकूमही ठोकून दिले, ज्यांचा त्या प्रसंगाशी काही संबंध नव्हता. पण लोक हलले. ज्यांनी खऱ्या माणसाचं अक्षरही ऐकलं नव्हतं ते पडद्याच्या मखमलीपुढे मेंढरांसारखे मागे सरकले आणि बसले. नगराध्यक्षांनी जाकीट काढून दिलं. गळ्यातून काढताना त्यांचा चष्मा त्यातच गेला.

साखळी मोकळी झाली. खऱ्या कप्तानाने नांगर सोडला, साखळी खडखडत गेली, जहाजाने एक हिसका खाल्ला आणि हळूहळू तोंड वाऱ्याकडे फिरवलं. बांधावरचं शेवाळ दिसावं इतक्या जवळ ते थांबलं. राजे तोपर्यंत बोलतच होता. थांबलो तर पडेन, असं त्याने नंतर ताईला सांगितलं. मग बंदरातून ओढबोट आली आणि त्या तीन डोलकाठ्यांच्या वैभवाला दोरी बांधून, म्हैस घरी न्यावी तसं धक्क्याला घेऊन गेली. वाटेत आई म्हणाली, हा काही घाबरणारा मुलगाच नव्हे.

धक्क्यावर मंडप होताच. ठरलेला समारंभ ठरल्याप्रमाणे व्हायला हवा होता. फक्त विषय बदलला. नगराध्यक्षांनी भाषणात सांगितलं की संकटकाळी आपण स्वतः डगमगलो नाही, आणि कप्तानांनी तर कमालच केली. पुष्पगुच्छ आणि लाकडी ढाल काढली गेली. ताई मंचाच्या पायरीशी उभी होती. राजे वर जायला निघाला तशी तिने त्याची बाही धरली.

"खरं सांगायचंस. तो माणूस तिथे इंजिनात डोकं घालून बसलाय, आणि ढाल तू घेणार?"

राजेंनी तिच्याकडे पाहिलं. ताईला वाटलं आता हा नेहमीसारखं काहीतरी लावून धरेल. पण तो वर गेला, ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि म्हणाला, "मी कप्तान नाही. मी नट आहे. मला पोहताही येत नाही. मी नुसता ओरडलो. जहाज ज्याने वाचवलं तो मागे चड्डीवर काम करतोय. ही ढाल त्याला द्या."

मग पहिली टाळी पडली, दुसरी पडली आणि मंडप दणाणला. नगराध्यक्षांचे डोळे भरून आले. त्यांनी ध्वनिक्षेपक घेऊन सांगितलं की याला म्हणतात थोर माणसाची नम्रता, स्वतःला नट म्हणवून घेतो, आपल्या साध्या खलाशालाही विसरत नाही. मुलांनो, यातून शिका. राजे पुन्हा म्हणाला, नाही हो, मी खरंच नट आहे. लोक हसले आणि आणखी जोरात टाळ्या वाजवू लागले. त्याने दाढी उपटून दाखवली. तोही विनोद ठरला. शेवटी ढाल त्याच्या हातात कोंबली गेली आणि फोटो निघाला. आई शेजारच्या बाईंना सांगत होती की पहिल्यापासून असाच आहे, कौतुक म्हणून करून घेत नाही.

ताईला त्या गर्दीत असं हसू फुटलं की तिला खुर्चीवर बसावं लागलं. एवढी माणसं, एवढ्या टाळ्या, आणि कानांचा उपयोग शून्य.

संध्याकाळी ती खऱ्या कप्तानाला जेवायलाच घेऊन आली. तो नको म्हणत होता. तिने ऐकलं नाही. ताईचा नवरा गोदीत क्रेन चालवायचा. त्याने वरून सगळा तमाशा पाहिला होता, आणि मेहुण्याला एवढंच म्हणाला की नांगर जरा उशिरा पडला असता तर तुम्हांला मीच उचलून काढलं असतं, तुकड्यातुकड्यांनी. राजे हसला नाही. तो भातात बोटं फिरवत बसला होता. ढाल बाहेर चपलांच्या शेजारी ठेवली होती.

"भाऊजी, आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो," तो म्हणाला, "आणि कुणाला पटेना. इतका वाईट प्रयोग माझा कधी झाला नव्हता."

ताईने त्याच्या पानात आणखी एक तळलेला मासा टाकला. त्याला तेवढंच कौतुक समजून घ्यावं लागलं.

आईने इतका वेळ पाहुण्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता तिने चष्मा पुसून त्याला निरखलं आणि विचारलं की बाबा, तू जहाजावर काय करतोस.

तो खाता खाता थांबला. राजेंनी तोंड उघडलं होतं, पण त्या माणसाने मान हलवून त्याला गप्प केलं. "इंजिन बघतो, आई," तो म्हणाला.

"मग बंद कसं पडलं?" आई म्हणाली. "नीट बघत जा. माझ्या मुलाचा जीव असतो त्याच्यावर."

"हो," तो म्हणाला, आणि भात मागितला.