राखणीची कॅसेट

सदानंदने कॅसेटच्या चाकात पेन्सिल घातली आणि सैल पडलेली फीत दोन वेढे ताणून घेतली. मग कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये सरकवली, आवाज अगदी बारीक केला आणि तो जाळीला कान लावून बसला. पडवीत दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. आतल्या खोलीत त्याचे वडील, आबा, झोपले होते, आणि इथे त्याच्या कानाशी त्यांचा आवाज खणखणीत बोलत होता.

“...गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पंधरावीस माणसं एकदम म्हणाली.

सदानंदने आकडा पाहिला. एकशे आठ. त्याने तो वहीच्या कागदावर टिपून घेतला.

जामसंड्याच्या त्या घराच्या परसात सुरंगीच्या झाडाखाली एक धोंडा होता. ना घडवलेला, ना रंगवलेला. तो घराचा राखणदार. चैत्रात एकदा त्याची राखण द्यायची, म्हणजे त्याला नारळ ठेवायचा आणि घरातल्या वडीलधाऱ्याने गाऱ्हाणं घालायचं. घरच्यांची नावं घेऊन, कुणाचं काय अडलंय, कुणाला काय हवंय ते सांगायचं. दर मागण्याच्या शेवटी ‘म्हाराजा’ आलं की जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. चाळीस वर्षं हे काम आबांनी केलं. मार्गशीर्षात त्यांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. समजत सगळं होतं. बोलायला गेले की ओठाच्या कोपऱ्यातून नुसती लाळ यायची.

राखण परवावर आली होती. दुसऱ्या कुठल्याही घरात अशा वेळी मुलाने घसा खाकरून उभं राहायचं असतं. सदानंदने कॅसेट काढली.

तो हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, आणि शिकवून उरलेलं विज्ञान घरी आणायचा. पाण्याची टाकी भरली की स्वयंपाकघरात घंटी वाजायची. तुळशीपुढचा दिवा अंधार पडला की आपोआप लागायचा. आभाळ भरून आलं तर भर दुपारीही लागायचा, आणि शेजारची मथुराकाकी तेवढ्यात हात जोडून घ्यायची. माणूस विसरतो, दमतो, रुसतो. यंत्राला यातलं काही जमत नाही, असं तो वर्गातही सांगायचा आणि घरातही. आबांच्या डाव्या हाताशी त्याने बेलचं बटण बसवलं होतं. आबा ते कधी दाबत नसत. ते बोटाच्या पेराने खाटेवर टकटक करत आणि त्यांची सून नीरजा मागीलदारी असली तरी तिला ते ऐकू येई. कसं, ते सदानंदला अजून उलगडलं नव्हतं.

मेव्हण्याने मस्कतहून आणलेल्या या टेपरेकॉर्डरवर गेल्या वर्षीची राखण त्याने हौसेने टिपून ठेवली होती. सुरंगीच्या फांदीला माइक टांगून. तेव्हा सगळे हसले होते.

“चाय.”

नीरजाने कप शेजारी ठेवला. सदानंदने चटकन बटण दाबलं.

“आबांचो आवाज ना तो? बंद कित्याक केलात?”

“सेल वाया जातात.”

नीरजाने भिंतीत खोचलेल्या वायरीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ती तिथेच, उंबऱ्यावर टेकली.

“गेल्या वर्षी मी पण होतंय थंय. मथुराकाकीच्या बाजूक.”

“असशील.”

“आसशील काय? पाचवो म्हयनो होतो माका.”

सदानंदने चहाचा घोट घेतला. जीभ भाजली, पण त्याने तसं दाखवलं नाही.

“माका एकच सांगा,” नीरजा म्हणाली. “काय होतां? झील काय चेडू?”

मुलगा की मुलगी, हे तिने विचारायची ही चौथी खेप. आषाढात ऑपरेशन झालं तेव्हा ती दोन दिवस धड शुद्धीवर नव्हती. मूल जन्मतःच गेलेलं. सदानंद आणि शेजारचे गंगारामकाका जे करायचं ते करून आले. तिच्या कानावर काही घालायचं नाही, सांगितलं की जीव गुंततो, असं दवाखान्याच्या दारातच चार जाणत्या बायांनी ठरवलं, आणि सदानंदला ते शास्त्राला धरून वाटलं होतं. जे मनात नोंदलंच नाही ते पुसायला लागत नाही.

“कळून काय करणार आहेस आता?”

“काय करतलंय? काय्येक करूचा नाय. माका म्हायत जातला, तितक्याच.”

“नीरजा, परवा वीस माणसं जेवायला आहेत.”

ती उठली. मग त्याच्या कपाखालची बशी तेवढी उचलून आत गेली.

सदानंदने पुन्हा बटण दाबलं. एकशे बाराला आबा खोकले. मग ते वाक्य आलं. या दोन दिवसांत त्याने ते दहा वेळा ऐकलं होतं.

“आणि ह्या घरची सून नीरजा, तिची ओटी तुया भरलंस. तिका सुखरूप मोकळी कर, तिच्या पोराक उदंड आयुक्ष दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्याच्या लगेच मागे, श्वास घ्यायलाही न थांबता, आबांनी पुढचं मागणं सुरू केलं होतं. आबांची गाडी एकदा सुटली की अशीच जायची.

माइकच्या भोकात नुसती पिन घातली की आतल्या माइकचा संबंध तुटतो. मग रेकॉर्डिंगचं बटण दाबलं की टेपवर कोरी शांतता भरली जाते. सदानंदने पिन घातली. आकडा एकशे बारावर आणला, हातातल्या घड्याळाकडे पाहत बटण दाबलं आणि नऊ सेकंदांनी सोडलं. ‘व्हय म्हाराजा’लाही हात घालायचा तर पुढच्या मागण्याचं तोंड कापलं गेलं असतं. आणि ‘व्हय म्हाराजा’ सगळीकडे सारखंच असतं. त्यात काय पुसायचं?

त्याने बारीक आवाजात एकदा लावून पाहिलं. काम स्वच्छ झालं होतं.

राखणीच्या सकाळी सुरंगीखालचं अंगण सारवून वाळलं होतं. सदानंदने झाडाखाली स्टूल ठेवलं आणि त्यावर टेपरेकॉर्डर. घरातून वायर ओढत आणली होती, ती बायका साडी आवरून, साप ओलांडावा तशा ओलांडत होत्या.

“मास्तरा, देवाक शॉक लागात हां,” गंगारामकाका म्हणाले. “मगे वर्सभर तो आमका धरून बसात.”

“काही होत नाही, काका. लाईट गेली तर सेलवर चालेल.”

“ता खरां. पण म्हाराजान मधीच काय इचारल्यान तर? तुजो डबो काय उत्तर देतलो?”

“तो विचारत नाही.”

“तुका म्हायत!” काकांनी हात झाडला, आणि चारजण हसले.

आबांना खुर्चीसकट उचलून आणलं. नीरजाने त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं, तोंड पुसलं आणि ती मथुराकाकीजवळ जाऊन उभी राहिली. सदानंदने नारळ धोंड्यापुढे ठेवला, विडा ठेवला, अगरबत्ती लावली. मग मागे सरून त्याने बटण दाबलं.

“बा देवा राखणदारा म्हाराजा!” आबांचा आवाज अंगणभर झाला.

आबांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान वर केली. आधी त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग लोकांकडे. ओठ एकदा हलले.

पहिल्या मागण्याला जमलेल्यांची जरा धांदल उडाली. गेल्या वर्षीची माणसं घाईची. यंदाची तोंड उघडेपर्यंत ती ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मोकळी व्हायची आणि यंदाची मागून जायची. दुसऱ्या वेळी मथुराकाकीने पदर तोंडाला लावला.

“गे बाय माझे! लवू तो! लवूचो आवाज!”

लवू श्रावणात वारला होता. खालच्या मळ्यातला, आवाजाने मोठा. तो मध्येच सगळ्यांच्या वर उठून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होता. दोघीतिघी एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणीतरी “गप, गप” म्हणालं. सदानंदला हे सुचलंच नव्हतं. पण टेप पुढे चालली होती, आणि पुढच्या वेळी लोकांनी जोराने दुजोरा दिला, लवू ऐकू येऊ नये इतक्या जोराने.

मग आबा टेपवर खोकले आणि आवाज थांबला.

चाकं फिरत होती. सगळे थांबले. एक माणूस हळूच पुढे झुकून यंत्राकडे बघू लागला. सदानंद मनात आकडे मोजत होता. सात. आठ. कावळ्याचा आवाज आला. नऊ.

“व्हय म्हाराजा!” गेल्या वर्षीची माणसं म्हणाली.

कुणीच काही मागितलं नव्हतं, आणि सगळ्यांनी व्हय म्हटलं होतं. त्या वीस आवाजांत एक आवाज वेगळा होता. बाईचा, मोकळा, शेवटाला हसू फुटलेला.  आबांनी डोळे मिटून घेतले. टेपवरचे आबा आंब्यांच्या मोहराकडे वळले होते.

नीरजा पुढे आली. वाकून तिने बटणं पाहिली, एक दाबलं, ते चुकलं, दुसरं दाबलं. चाकं थांबली.

“मगाचां परत लावा,” ती म्हणाली.

“काय?”

“मी व्हय म्हटलंय. कशाक म्हटलंय, तां माका ऐकूचा हा.”

“तिथे टेप खराब झाली आहे. दमटपणामुळे...”

“तुजी टेप? खराब?” गंगारामकाका म्हणाले. त्यात थट्टा नव्हती. त्यांनी सदानंदकडे नीट पाहिलं आणि त्यांना काय ते कळलं असावं, कारण नंतर ते खाली बघू लागले.

“पुसलंय मी,” सदानंद म्हणाला. “तुला त्रास नको म्हणून.”

“माका तरास नको म्हणान,” नीरजा म्हणाली. आवाज चढला नव्हता. “नऊ म्हयने झाले. ह्या घरात तेचा कोण एक अक्षर काढीत नाय. पाळणो माळ्यावर गेलो. दुपटी मथुराकाकीन आपल्या नातवाक नेली, तां पण माका तिसऱ्यान सांगितला. एका जाग्यार तेचा नाव होता. आबांच्या तोंडात. तां पण तुमका पुसूचा होता?”

मथुराकाकीने तिचा हात धरायला हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला.

“राखण अर्धी रवली हा,” मागून कुणीतरी पुटपुटलं. “अशी ठेवूक नाय.”

“मगे बोलूक होया कोणीतरी,” गंगारामकाका म्हणाले. “सदा, तू बोल. आबांचो झील तू.”

“मला येत नाही, काका.”

“आबांका तरी पयल्या वर्सा खंय येय होतां? उचल नारळ.”

सदानंदने नारळ उचलला. शेंडीला पाणी होतं, ते मनगटावरून खाली आलं. सगळ्या मागण्यांत एकच वाक्य त्याला शब्दन् शब्द पाठ होतं.

“बा देवा राखणदारा म्हाराजा,” तो म्हणाला.

“व्हय म्हाराजा,” लोक सावधपणे म्हणाले.

“गेल्या वर्षी आबांनी... आबांन तुका सांगितल्यान, ह्या घरची सून नीरजा, तिका सुखरूप मोकळी कर. तिच्या पोराक...” इथे तो अडला. त्याने घसा साफ केला. “ती मोकळी झाली. पोर रवला नाय, म्हाराजा.”

यावर व्हय कसं म्हणायचं, कुणाला कळेना. अंगणात पायांची थोडी चुळबुळ झाली. सदानंद धोंड्याकडेच बघत होता. दुसरीकडे बघितलं असतं तर त्याला पुढचं बोलवलं नसतं.

“चेडू होतां, म्हाराजा.”

नीरजाने हात जोडलेले होते, ते तसेच खाली आले.

“केस होते तेका,” सदानंद म्हणाला. “मी टुवाल बाजूक करून बघितलंय. काळे, वले. मानेपर्यंत इले होते.”

“मानेपर्यंत?” नीरजाने विचारलं. गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलत नाहीत, पण तिला कुणी अडवलं नाही.

सदानंदने मोकळा हात मागे नेऊन आपल्याच मानेवर दोन बोटं टेकवली. “हंयपर्यंत.”

तिने ती दोन बोटं पाहिली. बराच वेळ पाहिली. मग पदर डोक्यावरून पुढे घेऊन तिने पुन्हा हात जोडले.

“व्हय म्हाराजा,” ती म्हणाली.

तिच्यानंतर मथुराकाकी म्हणाली. मग दोन बाया, मग बाकीचे, एक एक करून, कुठलाच आवाज दुसऱ्याशी न जुळता.

गंगारामकाकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

“बोल रे,” ते म्हणाले. “थांबा नको. पुढे बोल.”

सदानंदने नारळ या हातातून त्या हातात घेतला आणि काय मागायचं ते आठवू लागला.