दोन रंधे आणि मधला पट्टा

मित्रांनो, मला अजून पाण्याची स्वप्नं पडतात. बादली काठोकाठ भरलेली असते, तळाशी थोडी वाळू बसलेली असते आणि मी पाण्यावर पालथा पडून डुलत असतो. जाग येते तेव्हा मी खिडकीच्या कट्ट्यावर असतो आणि समोर एक लांब, शांत भिंत असते.

मी एक जुना लाकडी रंधा आहे. सुताराचा रंधा तुम्ही पाहिला असेल, लाकूड तासणारा, धारदार. मी त्यातला नाही, मी गवंड्याचा. एक गुळगुळीत फळी आणि पाठीवर धरायला मूठ, एवढाच माझा पसारा. विटांच्या भिंतीवर चुना-वाळूचा जो थर देतात त्याला गिलावा म्हणतात. थापी तो भिंतीवर मारते आणि मी गोल गोल फिरून तो सारखा करतो. थापीला वाटतं, सगळं तिच्यामुळेच होतं. वाटू दे बापडीला.

मी एकटा जन्मलो नाही. एका गवंड्याला दोन मुलगे होते. त्याने जुन्या दाराची एक फळी घेतली, मधोमध कापली आणि दोन रंधे केले. मी थोरल्याचा झालो, माझा भाऊ धाकट्याचा. धाकटा डावखुरा होता. आम्हा दोघांना शेजारी ठेवलं की लाकडाच्या रेषा माझ्यातून निघून सरळ त्याच्यात जात.

बापाने पोरांना एकच नियम घालून दिला होता. भिंत हातात घेतली की अर्ध्यावर सोडायची नाही. गिलावा कुणाची वाट बघत नाही. मध्येच थांबलं तर त्या जागी सांधा पडतो आणि तो जन्मभर दिसतो. म्हणून लांब भिंत असली की थोरला एका टोकाकडून निघायचा, धाकटा दुसऱ्या टोकाकडून, आणि दोघे मध्ये भेटायचे. भेटले की आम्हा दोन रंध्यांना एकमेकांवर आपटायचे. टक्! चिकटलेला गिलावा झडायचा आणि भिंत पुरी झाल्याचं घरभर कळायचं. एका हाताने टाळी वाजत नाही, तशी आमचीही वाजत नसे.

काय दिवस होते ते! तेव्हा चुना खड्ड्यात महिनोन्‌महिने मुरत पडायचा आणि माणसांनाही घाई नसायची. ओल्या भिंतीवर खिडकीतलं ऊन पडलं की मला ती उभं केलेलं तळंच वाटायची. मी तिच्यावर फिरता फिरता पेंगायचो, थोरल्याचा हात मला नेईल तिकडे जायचो. घरमालक यायचे, तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, वा! भिंतीला कान असतात असं लोक म्हणतात. मी इतक्या भिंती केल्या, पण एकीलाही कान बसवल्याचं मला आठवत नाही.

मग एक दिवस घात झाला. दोघांनी एका वाचनालयाची भिंत केली होती. थोड्याच दिवसांत तिचा मधला गिलावा धाडकन खाली आला. कुणाला लागलं नाही, पण बघायला सगळं गाव जमलं. मित्रांनो, गिलाव्याआधी विटा पाण्याने भिजवाव्या लागतात. वीट कोरडी राहिली तर गिलाव्यातलं पाणी पिऊन टाकते आणि मग गिलावा सुटतो. त्या दिवशी थोरल्याने आपली बाजू भिजवली होती, धाकट्याने आपली. मधला पट्टा दुसऱ्याने भिजवला असेल असं दोघांनाही वाटलं. पण चारचौघांत थोरला म्हणाला, पडलं ते धाकट्याच्या बाजूचं. धाकट्याने माझ्या भावाला पिशवीत घातलं आणि तो दुसऱ्या गावी निघून गेला.

त्यानंतर थोरला एकट्याला झेपतील अशाच भिंती घेऊ लागला. एकट्याने भराभर उरकावं म्हणून त्याने पोलादी रंधा आणला. मी पेटीत पडलो. सुकलो, कडेला तडकलो. मला थोरल्याचा फार राग यायचा आणि त्याची फार आठवणही यायची. पाण्याची स्वप्नं तेव्हाच सुरू झाली.

या दोघांची एक मोठी बहीण होती. आई गेल्यावर तिनेच दोघांना वाढवलं होतं. ताईने घर बांधलं तेव्हा सगळ्या भिंतींना गिलावा करून घेतला, फक्त पुढच्या खोलीतली लांब भिंत उघडी ठेवली. नुसत्या लाल विटा. त्यांची धूळ पडायची, ताई खोकायची, शेजारीपाजारी नाकं मुरडायचे. ती म्हणायची, ही भिंत माझ्या भावांची आहे. अशी कितीतरी वर्षं गेली. शेवटी तिचं दुखणं वाढलं, तेव्हा तिने दोघांना सारखाच निरोप पाठवला, "तो येणार आहे. तू आला नाहीस तर भिंत अशीच राहील, आणि मी तिच्याकडे बघतच जाईन."

थोरल्याने मला पेटीतून काढलं आणि बादलीत सोडलं. मी पाणी प्यायलो, प्यायलो, फुगलो, कडेचा तडा मिटला. स्वप्न आणि जागेपण यांत तेव्हा मला काही फरकच कळेना.

ताईच्या घरी दोघे आले, पण एक शब्द बोलले नाहीत. थोरल्याने आपली बाजू भिजवली आणि मधला पट्टाही. तो गिलावा कालवायला अंगणात गेल्यावर धाकट्याने आपली बाजू भिजवली आणि मधला पट्टाही. ताई दारात बसून दोन्ही वेळा बघत होती.

काम सुरू झालं. समोरून माझा भाऊ येत होता, त्याचा खसखस आवाज जवळ जवळ येत होता. माझं सगळं लाकूड मोहरून गेलं. शेवटी दोघे मध्ये पोचले, आणि तिथला गिलावा घसरू लागला. विटा पाणी पिऊन तट्ट झाल्या होत्या, त्या गिलावा धरेनात. थोरल्याने मला भिंतीवर दाबलं. धाकट्याने माझ्या भावाला माझ्या शेजारी दाबलं. आमच्या रेषा पुन्हा जुळल्या. आता हात काढला तर सगळं खाली येणार होतं. गिलावा धरेपर्यंत खांद्याला खांदा लावून उभं राहण्याखेरीज इलाज नव्हता.

थोरला भिंतीकडे बघत म्हणाला, "मधला पट्टा तूही भिजवलास?"

"म्हटलं, तू विसरशील."

"मलाही तसंच वाटलं." मग तो म्हणाला, "तेव्हा आपण दोघं विसरलो होतो रे. मी लोकांसमोर तुझं नाव घेतलं."

डोळे पुसायला त्याचा हात माझ्यावरून सुटू लागला. मला ते आधी कळलं.

"हात हलवू नको दादा," धाकटा म्हणाला. "सुटेल सगळं."

थोरल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. धाकट्याचीही तीच गत. ताई भिंतीला धरत धरत उठली, जवळ आली आणि तिने आधी एकाचं तोंड पुसलं, मग दुसऱ्याचं, लहानपणी पुसायची तसं.

हळूहळू गिलावा धरला. दोघांनी आम्हाला अलगद उचललं, शेवटचा हात फिरवला आणि आपटलं. टक्!

दुसऱ्या दिवशी ताईने तळहाताने सांधा शोधला. तिला तो सापडला नाही. मध्ये फक्त एक किंचित फुगवटा आहे. भाऊ तो घासून काढणार होते, पण तिने काढू दिला नाही. भिंतीला खिळा ठोकायचीही बंदी आहे, म्हणून आम्ही दोघे खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी असतो आणि ताई मधूनमधून आम्हाला ओल्या फडक्याने पुसते.

मित्रांनो, घरात एखादं लाकडी अवजार असेल तर ते कामाआधी भिजवा, कामानंतर धुवा, त्याला तडकू देऊ नका. आणि दोघांनी मिळून काही करत असाल तर मधला पट्टा दुसऱ्यावर सोडू नका. दोघांनीही भिजवला तर फार तर काय होईल? गिलावा थोडा घसरेल, आणि तुम्हाला थोडा वेळ एकमेकांच्या शेजारी उभं राहावं लागेल.